मधल्या सुराचं काय करायचं?

मोर्तझा महजूबी यांचा पियानो पाश्चात्त्य वादकाच्या हाती दिला असता तर त्यानं तो दुरुस्तीला पाठवला असता. पियानोत सप्तकाचे बारा सूर समान अंतरावर पक्के बसवलेले असतात. महजूबी मात्र निवडक पट्ट्यांच्या तारा वेगळ्या जुळवून घेत. त्यामुळे त्या पट्ट्यांतून कोमलही नाही आणि शुद्धही नाही, असा मधला सूर निघे. एका रागव्यवस्थेसाठी जुळवलेला पियानो दुसऱ्या व्यवस्थेला उपयोगी पडत नसे, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. डाव्या हाताला काम बेताचंच असायचं. उजवा हात पट्ट्यांवर असा थरथरायचा की ऐकणाऱ्याला संतूरच्या काड्या दिसाव्यात. स्वतःपुरती एक स्वरलेखन-लिपीही त्यांनी तयार केली होती. १९५६ मध्ये दाऊद पीरनिया यांनी तेहरान रेडिओवर 'गुलहा' ही काव्य-संगीताची कार्यक्रममाला सुरू केली आणि ती १९७९ पर्यंत चालली. तिच्या पहिल्या दशकात हा पियानो घराघरांत पोचला. महजूबी १९६५ साली गेले. आज ती ध्वनिमुद्रणं ऐकताना हे वाद्य मुळात युरोपचं आहे, याचाच विसर पडतो.

इराणी अभिजात संगीत आणि पाश्चात्त्य संगीत यांची सोयरीक जमवण्याचा खटाटोप गेली दीडशे वर्षं चालू आहे. त्यात लष्करी बँड आले, सिंफनी आली, रॉक, ब्लूज, जॅझ आणि संगणकावरचं संगीतही आलं. आपल्याकडे फ्यूजन म्हटलं की तबल्याशेजारी ड्रमसेट मांडायचा, शेवटी दोघांनी मिळून तिहाई घ्यायची आणि टाळ्या, असा एक बेत ठरून गेला आहे. तशी फ्यूजनं इराणातही ढीगभर आहेत. पण यातलं काहीही कानावर पडलं की मी एकच बघतो: झुकलं कोण?

प्रश्न नीट कळायला या संगीताची थोडी ओळख हवी. मुख्य रागव्यवस्था सात, त्यांना दस्तगाह म्हणतात: शूर, माहूर, हुमायून, सेगाह, चहारगाह, नवा आणि रास्त-पंजगाह. शिवाय अबू-अता, दश्ती, बयाते तुर्क, अफशारी आणि इस्फहान या पाच उपव्यवस्था. दस्तगाह म्हणजे आपला एक राग नव्हे. त्यात गुशे नावाच्या लहान लहान स्वररचना ठरावीक क्रमानं येतात. प्रत्येक गुशेचा ठहरावाचा सूर वेगळा असतो, गाणं पायरीपायरीनं तारसप्तकाकडं चढतं आणि 'फुरूद' घेऊन मूळ घरी उतरतं. या सगळ्या गुशांचा तोंडी चालत आलेला संग्रह म्हणजे रदीफ. एकोणिसाव्या शतकात अली अकबर फराहानी यांच्या घराण्यात, विशेषतः त्यांचे पुत्र मिर्झा अब्दुल्ला आणि मिर्झा हुसेन कुली यांच्याकडून, त्याला आजचं रूप मिळालं. २००९ मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली.

बाहेरचं कोणी यात शिरू लागलं की तीन ठिकाणी अडतं. पहिली अडचण तालाची. या संगीताचा गाभा 'आवाज' म्हणजे हाफिज-सादींच्या ओळींचं तालाविना गायन. त्यात छंदाचं वजन असतं, पण ठेका नसतो. ड्रमवाल्यानं तिथं करायचं काय? म्हणून बहुतेक फ्यूजनवाले आवाज गाळतात आणि तालात बांधलेली तस्नीफ तेवढी उचलतात. दुसरी अडचण हार्मनीची. हे संगीत आपल्यासारखंच एका रेषेत चालतं, खाली कॉर्डचा आधार त्याला लागत नाही. तिसरी आणि सगळ्यांत चिवट अडचण मधल्या सुराची.

चहारगाह ऐकताना आपल्याला भैरवाची आठवण होते. मात्र त्याचे रे आणि ध कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी लागतात. सेगाह तर अशा सुरावरच उभा आहे. तार आणि सेतार या वाद्यांचे पडदे दांडीला आतड्याच्या दोऱ्यानं बांधलेले असतात आणि ते सरकवता येतात, त्यामुळे प्रत्येक वादक आपल्या कानाप्रमाणं हा सूर लावतो. गिटारचा आणि पियानोचा सूर मात्र कारखान्यात ठरलेला असतो. म्हणून फ्यूजनवाल्यांची धाव नेहमी माहूर आणि इस्फहानकडं असते. माहूर म्हणजे जवळजवळ बिलावल आणि पाश्चात्त्यांचं मेजर. आधुनिक इस्फहान आपल्या किरवाणीच्या, म्हणजे पाश्चात्त्यांच्या हार्मोनिक मायनरच्या फार जवळ. या दोन दारांतून आत जाणं सोपं आहे. एखाद्या बँडनं फक्त हीच दोन दारं वापरली असतील, तर त्यांनी कष्ट टाळले असं मी खुशाल समजतो.

पाश्चात्त्य संगीत इराणात आलं ते दरबारी हुकमानं. १८६८ मध्ये आल्फ्रेड लमेर हा फ्रेंच लष्करी बँडमास्तर तेहरानला आला आणि दारुल्फुनून या सरकारी विद्यालयात त्यानं नोटेशन, क्लॅरिनेट आणि ट्रंपेट शिकवायला सुरुवात केली. नासिरुद्दीन शाहसाठी सलामीची धूनही त्यानंच रचली. या बँडच्या वातावरणातून पुढं अलीनकी वझीरी हा विलक्षण माणूस निघाला. जन्म १८८७ चा, पेशा लष्करी अधिकाऱ्याचा आणि हातात तार. पहिल्या महायुद्धानंतर तो पॅरिस आणि बर्लिनला पाश्चात्त्य संगीत शिकला आणि परतल्यावर तेहरानात त्यानं स्वतःची संगीतशाळा काढली. मधला सूर कागदावर लिहिता यावा म्हणून त्यानं दोन चिन्हं घडवली: पाव सूर उतरवणारं कोरोन आणि पाव सूर चढवणारं सोरी. ती आजही छापली जातात. सप्तकाचे चोवीस समान भाग केले की इराणी सुरांना हार्मनी देता येईल, अशी त्याची मांडणी होती.

मांडणी सुबक होती, पण वाजवणाऱ्यांची बोटं तिला जुमानत नव्हती. पाश्चात्त्य मापात अर्धा सूर १०० सेंटचा आणि पूर्ण सूर २०० चा. वझीरीच्या हिशेबानं मधलं अंतर बरोबर १५० भरायला हवं. पुढं होरमोज फरहात यांनी प्रत्यक्ष वादनाचा अभ्यास करून दाखवलं, की इराणी वादक एक अंतर साधारण १३५ च्या आसपास घेतात, दुसरं १६० च्या आसपास आणि दोन्ही लवचीक असतात. दीडशेवर कोणी मुद्दाम थांबत नाही. त्यांचं 'द दस्तगाह कन्सेप्ट इन पर्शियन म्युझिक' हे पुस्तक १९९० मध्ये आलं. आपल्याकडे श्रुतींच्या गणितावरून जे वाद झाले ते ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. आपल्या रेडिओवर हार्मोनियमला वर्षानुवर्षं बंदी होती ती याच भांडणापायी.

वझीरीच्या प्रयोगाला खरा फटका मात्र गणितानं दिला नाही, तो राजकारणानं दिला. रझाशाहच्या काळात 'आधुनिक' या शब्दाचा अर्थ 'युरोपीय' असा झाला होता. १९३४ मध्ये वझीरीला संस्थेतून दूर केलं गेलं. त्याच्या जागी आलेल्या गुलामहुसेन मिनबाशियान यांनी अभ्यासक्रमातून इराणी संगीतच काढून टाकलं. म्हणजे ज्यानं दोघांना जवळ आणायचा प्रयत्न केला, त्याला बाहेरची वाट दाखवणारे मिश्रणाचे शत्रू नव्हते. ते पश्चिमेचे भक्त होते. १९४१ मध्ये शाहला गादी सोडावी लागली आणि वझीरी परत आला. त्याचे शिष्य रुहुल्ला खालेकी यांनी १९४९ मध्ये राष्ट्रीय संगीत विद्यालय काढलं. 'ए ईरान' या गाण्याची चालही खालेकींचीच.

पन्नाशीच्या दशकात विगेन हा आर्मेनियन-इराणी तरुण गिटार घेऊन गाऊ लागला आणि शहरी इराणच्या कानाचं वळण बदललं. पुढं गुगूश आली, फरहाद आला. १९७३ मध्ये कूरोश यघमाईचं 'गुले यख' हे गाणं आलं. ते नुसती नक्कल वाटत नाही, याचं कारण त्याच्या गळ्यात आहे: गिटार पाश्चात्त्य सुरात वाजते आणि आवाज मात्र शेवटच्या अक्षरावर इराणी पद्धतीनं सावकाश ओघळतो. त्याच काळात शिराज कला महोत्सव (१९६७ ते १९७७) भरत असे. बिस्मिल्ला खाँही तिथं वाजवून गेले. १९७१ मध्ये झेनाकिस या ग्रीक संगीतकारानं 'पर्सेपोलिस' ही ध्वनिफितींवरची कृती तिथल्या प्राचीन अवशेषांमध्ये सादर केली. जगातलं सगळ्यांत अवघड नवं संगीत आणि इराणचे जुने उस्ताद एकाच महोत्सवात असायचे. ते शेजारी बसले, पण एकत्र वाजवायला फारसं कोणी बसलं नाही.

उलट टोकाला शुद्धतावादी होते. १९६८ मध्ये दारयुश सफवत यांनी इराणी संगीताच्या जतन-प्रसारासाठी केंद्र काढलं. नूरअली बोरूमंद यांच्यासारखे गुरू तरुणांकडून रदीफ अक्षरशः घोटून घेऊ लागले. गंमत अशी, की पुढचं सगळ्यांत यशस्वी मिश्रण याच तालमीतून निघालं. हुसेन अलीजादे (जन्म १९५१) हा याच तालमीतला तारवादक. पुढं त्यानं बर्लिनमध्येही शिक्षण घेतलं. १९८३ मध्ये, म्हणजे इस्लामी क्रांतीला चार वर्षं उलटून गेलेली आणि इराकशी युद्ध ऐन भरात असताना, त्यानं 'नैनवा' रचली. नै म्हणजे बासरीच्या कुळातलं बोरूचं वाद्य. त्याच्याभोवती पाश्चात्त्य तंतुवाद्यांचा वृंद, आणि दस्तगाह नवा.

'नैनवा'चं महत्त्व यात आहे, की तिच्यात वृंद बासरीला सजवायला बसलेला नाही. व्हायोलिन-चेलोला पडदे नसतात, त्यामुळे मधला सूर त्यांना वाजवता येतो. फक्त वादकाच्या कानानं तो आधी स्वीकारावा लागतो. अलीजादेनं नेमकं हेच ओळखलं. नै एक वाक्य म्हणते, वृंद ते उचलतो, थोडं जड करतो आणि परत देतो. कॉर्डचा सोस नाही. हार्मनी येते ती सुरावट स्वतःशीच एकमेकांवर चढल्यामुळे. इथं झुकले व्हायोलिनवाले, आणि झुकूनही ते व्हायोलिनवालेच राहिले. गेल्या पन्नास वर्षांतल्या इराणी-पाश्चात्त्य मिश्रणातलं एकच काही ठेवायचं झालं, तर मी ही कृती ठेवीन.

क्रांतीनंतर बाकीच्यांची वाताहत झाली. पॉप गायक लॉस एंजलिसला गेले. तिथं 'शीश-ओ-हश्त', म्हणजे सहा-आठच्या नाचऱ्या ठेक्यावर कीबोर्डनं भरलेलं संगीत दणक्यात चालू राहिलं आणि चोरून आलेल्या कॅसेटींतून ते तेहरानच्या लग्नांत वाजत राहिलं. त्याबद्दल फार लिहावं असं नाही. फक्त एक तपशील मजेशीर आहे. यामाहा, कोर्ग यांनी पूर्वेकडच्या बाजारासाठी काढलेल्या कीबोर्डांवर पाव सूर उतरवायची बटणं आली. बटण दाबलं की सूर उतरतो तो बरोबर पन्नास सेंट. वझीरीचं जे गणित उस्तादांच्या बोटांनी मानलं नाही, ते शेवटी जपानी यंत्रानं मानलं.

इराणात राहिलेल्यांसाठी आणखी एक वादक नेहमी हजर असतो: सरकार. अल्बम असो की मैफल, संस्कृती आणि इस्लामी मार्गदर्शन मंत्रालयाचा, लोकांच्या भाषेत 'इरशाद'चा, परवाना लागतो. सरकारी दूरदर्शनवर गाणं ऐकू येतं, पण वाद्य दाखवत नाहीत. सेतारच्या जागी फुलं दिसतात. १९९९ च्या सुमारास ओहम या बँडनं हाफिजच्या गझला रॉकमध्ये बसवल्या. अल्बमला परवाना नाकारला, तेव्हा त्यांनी तो इंटरनेटवर फुकट टाकला. बहमन घोबादीच्या २००९ च्या 'नो वन नोज अबाउट पर्शियन कॅट्स' या चित्रपटात गोठ्यात तालीम करणारा मेटल बँड आहे. गाई वैतागलेल्या दिसतात. दुसरीकडं २००४ मध्ये क्वीन या ब्रिटिश बँडच्या निवडक गाण्यांना मात्र इराणात अधिकृत परवानगी मिळाली. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पारशी आणि त्याचं शालेय शिक्षण आपल्या पाचगणीचं. पाचगणीचं नाव या लेखात पुन्हा येणार आहे.

परवान्याच्या नियमांनी संगीताची बांधणीच बदलली, हे बाहेरून चटकन ध्यानात येत नाही. पुरुष श्रोत्यांपुढं बाईनं एकटीनं गायचं नाही, पण समूहात किंवा पुरुषाच्या जोडीनं गायला चालतं. त्यातून 'हमखानी' वाढली: पुरुष गायकाच्या आवाजामागं, किंवा त्याला अगदी चिकटून, स्त्रियांच्या आवाजाचा थर. अनेक आधुनिक रचनांत हा थर फार सुंदर लागतो. तो सुंदर लागतो म्हणून त्यामागची सक्ती विसरणं बरं नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये परस्तू अहमदी या गायिकेनं एका जुन्या कारवाँसरायमध्ये, उघड्या केसांनी, पियानो-गिटार-ड्रमच्या साथीत गाऊन ती मैफल यूट्यूबवर टाकली. समोर श्रोता एकही नव्हता. तरी काही दिवसांत तिला आणि साथीदारांपैकी दोघांना पकडलं. नंतर सोडलं. शंभर वर्षांपूर्वी, १९२४ मध्ये, कमरुलमुलूक वझीरी ही गायिका तेहरानच्या ग्रँड हॉटेलात बुरख्याविना गायली होती. एवढं सांगितलं की शतकाचा हिशेब वाचकानं स्वतःच मांडावा.

मोहसिन नामजूची गोष्ट वेगळी. खुरासानातल्या तुर्बते जाममध्ये १९७६ साली जन्मलेल्या या माणसानं सेतार आणि ब्लूज एकत्र आणले. २००७ मध्ये त्याचा 'तुरंज' हा अल्बम आला तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. तहरीर, म्हणजे गळ्यातून सूर तुटत तुटत काढायची इराणी तान, तो मधेच विव्हळण्यात, किंचाळण्यात, कधी निव्वळ थट्टेत नेऊन सोडतो. मला त्याचं सगळंच आवडत नाही. काही गाण्यांत चातुर्य संगीताच्या पुढं पळतं. पण ब्लूजची त्याची निवड अचूक होती. आफ्रिकी-अमेरिकी ब्लूजमधला गांधारही कोमल-शुद्धच्या मधे लागतो, गिटारची तार ओढून काढलेला. म्हणजे इराणी सुराला पश्चिमेत एक सख्खा भाऊ आधीपासून होता आणि कॉन्झर्व्हेटरीत त्याचा पत्ता कोणाला नव्हता. महसा वहदत ही गायिका आणि मायटी सॅम मॅक्लेन हा अमेरिकी ब्लूज गायक यांनी मिळून केलेली युगुलगीतं ऐकली की हे नातं पटतं. नामजूला एका गाण्यात कुराणातल्या आयती वापरल्याबद्दल २००९ मध्ये गैरहजेरीत पाच वर्षांची शिक्षा झाली. तो परदेशातच राहिला.

आता पाचगणी. आजम अली तेहरानात जन्मली. लहानपणीच आईबरोबर भारतात आली आणि पाचगणीच्या निवासी शाळेत वाढली. तिथून ऐंशीच्या दशकात अमेरिका. लॉस एंजलिसमध्ये ती संतूर शिकली आणि २००५ मध्ये लोगा रामीन तुर्कियानबरोबर 'नियाज' हा गट काढला: फारसी आणि उर्दू सूफी काव्य, जुनी तंतुवाद्यं आणि खाली इलेक्ट्रॉनिक ठेका. तुर्कियाननं तर आधीच मधले सूर निघतील असे पडदे बसवलेली गिटार वापरली होती. हे संगीत कधीकधी फार गुळगुळीत होतं, सुगंधी दुकानात वाजावं तसं. पण तिचा आवाज पक्का आहे आणि काव्याची निवड चोखंदळ.

कयहान कलहोरला मात्र कोणतंच लेबल चिकटत नाही. कुर्दी वंशाचा, जन्म १९६३ चा, वाद्य कमांचे, म्हणजे मांडीवर उभं धरून गजानं वाजवायचं वाद्य. नव्वदच्या दशकात त्यानं सतारवादक शुजात खाँबरोबर 'गजल' हा गट केला. पुढं यो-यो माच्या सिल्क रोड वृंदात गेला. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन रायडर या तंतुवाद्य-चौकडीबरोबर त्यानं 'सायलेंट सिटी' काढलं. ही जवळजवळ अर्ध्या तासाची रचना १९८८ मध्ये रासायनिक हल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या हलब्जा या कुर्दी गावावरची आहे. सुरुवातीला बराच वेळ लय नाही आणि ओळखू येईल अशी सुरावटही नाही. मग कमांचे बोलू लागतं. इथं तालाविना चालणारा 'आवाज' गाळलेला नाही. उलट अमेरिकी वादकांनाच त्यात शिरावं लागलं आहे.

संगणकानं तर जुन्या वादातली हवाच काढून घेतली. सूर १३५ सेंटवर हवा तर १३५ वर लावा. आलीरेझा मशायेखी यांनी साठच्या दशकातच 'शूर' ही इलेक्ट्रॉनिक कृती केली होती. आज सोते या नावानं काम करणारा अता इब्तेकार संतूर आणि सेतारचे आवाज यंत्रातून असे पिळतो, की दस्तगाह ओळखू येतो आणि वाद्य ओळखू येत नाही. त्याचं २०१९ चं 'पॅरलल पर्शिया' घरातल्या ज्येष्ठांसमोर लावू नये, पण एकट्यानं जरूर ऐकावं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर फ्यूजनपासून करू नका. आधी मोहम्मद रेझा शजरियान यांचं 'बीदाद' ऐका. दस्तगाह हुमायून, साल १९८५, परवीज मिश्कातियान यांच्या रचना. पहिल्या वेळी एखाददुसरा सूर घसरलेला वाटेल. घाई न करता तेच पुन्हा लावा. तो सूर चुकलेला नाही हे कानाला पटलं, की मग 'नैनवा' आणि 'सायलेंट सिटी' याच क्रमानं घ्या. बाकी यादी तुमची तुम्हाला सापडेल, आणि त्यातलं निम्मं तुम्ही दोन मिनिटांत बंद कराल.